चार्ज देताना लूपमधला डबा विसरू नये म्हणून

"मामा, तुमच्या रेल्वेत चार्ज कसा देतात हो?"

भाचीने रात्री साडेदहाला फोन करून हे विचारलं, तेव्हाच ओळखलं की काहीतरी चुकलंय. ती पुण्यातल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. पाळी संपताना पुढच्या माणसाला काम सोपवणं, त्याला आम्ही चार्ज देणं म्हणतो. त्यांच्यात चार्ज म्हणत नाहीत, ओव्हर म्हणतात. ओव्हर दिला, ओव्हर घेतला. त्या दिवशी सकाळच्या ओव्हरमध्ये एका आजोबांचं 'एनबीएम' सांगायचं राहून गेलं. म्हणजे ऑपरेशन आहे, तोंडाने काही द्यायचं नाही. फाइलमध्ये लिहिलेलं होतं. पण नाश्त्याची ट्रॉली फाइल वाचत नाही. मावशींनी उपमा दिला, आजोबांनी चमचा चाटूनपुसून खाल्ला. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं, नातेवाइकांनी वॉर्ड डोक्यावर घेतला आणि रात्री ड्यूटीवर कोण होतं, सकाळी कोण होतं, याची चौकशी सुरू झाली.

मी ३५ वर्षं स्टेशन मास्तर होतो, त्यातली बरीचशी पुणे-मिरज लाईनवर. रविवारी ती धनकवडीहून माझ्याकडे घोरपडीला आली आणि आम्ही दोन तास बोललो. (स्टेशन मास्तर बोलायला लागला की पुढची गाडी येईपर्यंत थांबत नाही, आणि आता मला गाडीच नाही.) त्यातलं कामाचं तेवढं लिहून काढलंय. नर्स असो, भोसरीतल्या कारखान्यातला सुपरवायझर असो की सोसायटीचा वॉचमन, अर्धवट काम दुसऱ्याच्या हाती सोपवून ज्याला घरी जायचं असतं, त्या प्रत्येकाचं हे काम आहे.

आधी ती सकाळ

भुसावळच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये आमच्या एका इन्स्ट्रक्टरने फळ्यावर चार आडव्या रेघा मारून ही गोष्ट सांगितली होती. मीही भाचीला डायनिंग टेबलवर चार चमचे आडवे ठेवून सांगितली.

२२ मे १९१५. स्कॉटलंडमध्ये ग्रेटनाजवळ क्विंटिन्सहिल नावाची सिग्नल केबिन. स्टेशन नाही, नुसती केबिन. मधे अप आणि डाऊन अशा दोन मेन लाईन, दोन्ही बाजूंना एकेक लूप, म्हणजे गाडी बाजूला घेऊन उभी करायची जोडलाईन. रात्रपाळीला जॉर्ज मीकिन, दिवसपाळीला जेम्स टिन्सली. पाळी बदलायची सकाळी सहाला. पण दोघांनी आपसात ठरवून घेतलेलं होतं. टिन्सली राहायचा ग्रेटनाला, दीडेक मैलावर. सकाळची लोकल ज्या दिवशी क्विंटिन्सहिलला बाजूला घ्यायची असेल, त्या दिवशी तो चालत न येता लोकलनेच यायचा, म्हणजे साडेसहाला. सहानंतरच्या गाड्यांच्या वेळा मीकिन एका कागदावर लिहून ठेवायचा आणि टिन्सली आला की त्या आपल्या अक्षरात रजिस्टरमध्ये उतरवायचा. रजिस्टर बघणाऱ्याला वाटावं, पाळी सहालाच बदलली.

त्या दिवशी लंडनहून येणाऱ्या रात्रीच्या एक्स्प्रेस उशिरा धावत होत्या, म्हणून त्यांना पुढे काढायला लोकल बाजूला घ्यायची होती. डाऊन लूपला मालगाडी उभी. अप लूपला रिकाम्या कोळसा वॅगनची गाडी घ्यायची होती. मग लोकल कुठे ठेवणार? मीकिनने ती क्रॉसओव्हरवरून, म्हणजे दोन लाईन जोडणाऱ्या रुळांवरून, उलट्या बाजूच्या अप मेन लाईनवर नेऊन उभी केली. नियमात बसत होतं. अट एवढीच की उभी आहे हे विसरायचं नाही.

टिन्सली त्याच लोकलमधून उतरून केबिनमध्ये आला. मीकिनने चार्ज दिला आणि तिथेच पेपर वाचत बसला. मालगाड्यांचे गार्ड केबिनमध्ये येऊन पहिल्या महायुद्धाच्या बातम्यांवर बोलत होते. टिन्सली कागदावरच्या वेळा रजिस्टरमध्ये उतरवत होता. कोळशाची गाडी लूपला आत आली, तसं मागच्या कर्कपॅट्रिक केबिनला 'सेक्शन मोकळा' असं बेलवर कळवलं गेलं. अप मेनवर लोकल उभी आहे, लाईन अडलेली आहे, ही बेल मात्र ना मीकिनने दिली ना टिन्सलीने. थोड्या वेळाने कर्कपॅट्रिकने विचारलं, सैनिकांची स्पेशल गाडी पाठवू का? टिन्सलीने ती घेतली आणि सिग्नल पाडले, म्हणजे तिला रस्ता मोकळा दिला.

ज्या लोकलने तो स्वतः कामावर आला होता, ती समोर काचेतून दिसत होती.

रॉयल स्कॉट्सच्या सातव्या बटालियनचे सुमारे ५०० जवान लार्बर्टहून लिव्हरपूलला निघाले होते, तिथून गॅलिपोलीच्या आघाडीवर जायचं होतं. सहा पन्नासच्या सुमारास त्यांची गाडी लोकलवर आदळली. एखाद्या मिनिटात डाऊन मेनवरून लंडन-ग्लासगो एक्स्प्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. डबे लाकडी, आतले दिवे गॅसचे, वर इंजिनातले निखारे. आग दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत होती. २०० हून जास्त माणसं गेली. बटालियनच्या हजेरीचे कागदही आगीत जळाले, त्यामुळे नेमका आकडा आजही लागत नाही. दोघा केबिनवाल्यांना शिक्षा झाली, टिन्सलीला तीन वर्षं आणि मीकिनला दीड वर्ष.

भाची म्हणाली, "पण समोर दिसत असताना कसा विसरला?" मी म्हटलं, समोर दिसत होती म्हणूनच. पुढचं सगळं त्याच उत्तरातून निघतं.

चार्ज जागेवरच घ्यायचा, आणि वेळ खरी लिहायची

टिन्सली उशिरा येत होता, हे मला फारसं मोठं वाटत नाही. पुण्यात पावसाळ्यात कात्रज ते शिवाजीनगर वेळेवर पोचणारा माणूस मला दाखवा. उशीर लपवायचा होता, ते महागात पडलं. लपवायचं म्हणून कागद, कागद म्हणून पुन्हा लिहिणं. अर्धा तास मागच्या गाड्या लिहिण्यात त्याचे डोळे आणि हात अडकले, आणि पुढची गाडी नुसत्या सवयीवर सुटली.

म्हणून उशीर झाला तर रजिस्टरमध्ये उशीर लिहा. सहा बत्तीसला आलात तर सहा बत्तीस. पाच मिनिटांवर आरडाओरडा करणारे जे साहेब असतात, त्यांनीही हे वाचावं, कारण त्यांच्याच हाताखाली असल्या चिठ्ठ्या जन्माला येतात. आणि आलेल्या माणसाने मागचं काहीही उतरवून काढायचं नाही. जाणाऱ्याने आपलं आपल्या अक्षरात पूर्ण करायचं, खाली आडवी रेघ मारायची, दोघांनी सह्या करायच्या. रेघेच्या वरचं त्याचं, खालचं तुमचं.

जाणाऱ्यासाठी आणखी एक. येणाऱ्याचं हेल्मेट, स्कार्फ, सॅक, रेनकोट सगळं उतरेपर्यंत तोंड उघडू नका. स्कार्फ सोडता सोडता ऐकलेलं त्या स्कार्फमध्येच राहतं. आणि टेबलापाशी बसून चार्ज देऊ नका. आम्ही लूपकडे बोट दाखवून सांगायचो. भाचीला म्हटलं, ओव्हर पलंगापाशी उभं राहून द्या. ती म्हणाली, द्यायचा असतोच तसा, पण शेवटी डेस्कवर होतो. मग डेस्कच्या खुर्च्या थोड्या वेळ उचलून ठेवा, म्हटलं.

वेगळं ते आधी

बहुतेक लोक चार्ज देताना पहिल्यापासून सुरू करतात. एक नंबर बेड ठीक, दोन नंबर ठीक, तीन ठीक. सतराव्या बेडला पोचेपर्यंत ऐकणाऱ्याचा कान 'ठीक'वर लागून गेलेला असतो, आणि सतराव्यालाच गोम असते. उलटं करा. आज नेहमीपेक्षा काय वेगळं आहे, ते पहिल्या वाक्यात. क्विंटिन्सहिलला त्या दिवशी सगळंच वेगळं होतं. एक्स्प्रेस उशिरा, दोन्ही लूप भरलेले, लोकल उलट्या लाईनवर, त्यात सैनिकांची स्पेशल. जे ठीक आहे ते शेवटी सांगा, राहिलं तरी बिघडत नाही.

'हो हो' चालत नाही

आपल्या मराठीत 'हो' हा फार घातक शब्द आहे. 'हो' म्हणजे मान्य, 'हो' म्हणजे ऐकतोय, आणि पुण्यात फोनवर दोनदा 'हो हो' म्हटलं की अर्थ होतो, ठेव आता. रेल्वेला हे फार पूर्वी कळलं असावं. गाडी सोडण्याआधी गेटमनला फोन केला की त्याने फाटक लावलं एवढं सांगून भागत नाही. त्याच्याकडे छापील कागद असतो, त्यावर दोन आकडी नंबर असतात. ओळीतला पुढचा नंबर त्याने सांगायचा, मी लिहून घ्यायचा, आणि वापरलेला नंबर त्याने कागदावर खोडायचा. त्याला आम्ही प्रायव्हेट नंबर म्हणतो. अर्धवट झोपेत 'हो' निघतं, पण कागद उघडल्याशिवाय '४७' निघत नाही.

तुम्हाला नंबर नकोत. ऐकणाऱ्याकडून गोष्ट त्याच्या शब्दांत परत म्हणून घ्या, बास. "सतरा नंबरला काय?" त्याने म्हणायचं, "अकराला ऑपरेशन, पाणीसुद्धा नाही." सुरुवातीला शाळेत पाढे म्हणून घेतल्यासारखं वाटतं. भाचीच्या एका सीनिअरला तर अपमान वाटला. वाटू द्या.

कॉलर

आता मुख्य गोष्ट. बाकी सगळं विसरलात तरी ही ठेवा.

लिव्हर कॉलर म्हणजे एक साधं लोखंडी कडं. लाईनवर काही उभं असेल तर त्या लाईनच्या सिग्नलच्या लिव्हरवर ते अडकवायचं. कडं आहे तोवर लिव्हर ओढता येत नाही. पुढे बटणांची पॅनेल आली, तेव्हा बटणावर टोपी बसवायची पद्धत आली. क्विंटिन्सहिलच्या केबिनमध्ये कॉलर होत्या. मीकिनने लावल्या नाहीत, टिन्सलीनेही नाहीत. लोकल समोर तर उभी होती! सैनिकांच्या गाडीचा सिग्नल पाडायला टिन्सलीचा हात लिव्हरवर गेला तेव्हा तिथे कडं असतं, तर त्याच्या डोक्याला काही आठवायची गरजच नव्हती. हाताला आठवलं असतं.

मी हे शहाणपण पुस्तकातून शिकलो असं सांगितलं तर खोटं होईल. १९९१ चा पावसाळा. एका छोट्या स्टेशनात माझी रात्रपाळी. मालगाडीतली एक वॅगन हॉट अ‍ॅक्सलने, म्हणजे चाकाचा आस तापला म्हणून, काढून लूपला ठेवली होती, ऑफिसच्या खिडकीतून दिसेल अशी. डबा एवढा मोठा, खिडकीसमोर, त्याला कसली कॉलर लावायची? सकाळी मला घरी जायची पॅसेंजर पकडायची होती. रिलीव्हर आला, मी टोकन, डायरी, कॅश, सगळं भराभर सांगितलं. डबा राहिला. तासाभराने त्याला क्रॉसिंगसाठी एक मालगाडी लूपलाच घ्यायची होती. त्याने काटा लावायला, म्हणजे रूळ लूपकडे वळवायला सांगितलं, तेव्हा ते काम करणारा पॉइंट्समन खालून ओरडला, "सायेब, लूपला डबा हाय!" सिग्नल अजून पडले नव्हते. कुठे काही लिहिलं गेलं नाही. मला दोन दिवसांनी त्या पॉइंट्समनने चहा पिताना हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत नुसती हातगाडी रुळावर आली तरी मी कॉलर लावली. लोक मला 'कॉलरवाले मास्तर' म्हणायचे, त्यात कौतुक थोडं आणि टिंगल जास्त.

तर तुमची कॉलर कुठे लावायची? नियम सोपा आहे. चूक व्हायच्या शेवटच्या क्षणी माणसाचा हात जिथे जाईल, तिथे. माहिती जिथे असायला हवी तिथे नव्हे. एनबीएमची खूण फाइलवर असून काय उपयोग? नाश्ता देणाऱ्या मावशींचा हात फाइलला लागतच नाही. त्यांचा हात जातो पलंगावरच्या जेवणाच्या फळीकडे आणि उशाच्या पाण्याच्या तांब्याकडे. खूण तिथे हवी. भोसरीत माझ्या शेजाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये मशीन उघडलेलं असलं की पाटी मशीनवर टांगायचे. मी म्हटलं, स्टार्टरवर टांगा. चालू करणारा मशीनकडे बघत नाही, बटणाकडे बघतो.

खूण नुसती वाचण्यासारखी असून भागत नाही, ती आडवी यायला हवी. आपल्या पुणेरी पाट्यांचं हेच दुखणं आहे. पाटी झकास, लोक फोटो काढतात आणि गाडी तिथेच लावतात. कॉलर फोटो काढण्यासारखी नसते, पण ती हलवल्याशिवाय काम पुढे जात नाही. म्हणून तांब्यावर 'पाणी देऊ नये' असं लिहिण्यापेक्षा तांब्याचं तोंड लाल फडक्याने बांधा. स्विचशेजारी चिठ्ठी डकवण्यापेक्षा स्विचवरच झाकण बसवा.

सामान काही खास लागत नाही. बोहरी आळीत लोखंडी आणि प्लॅस्टिकच्या रिंगा मिळतात, लाल नाडी तुळशीबागेत. मात्र एकाच रंगाच्या घ्या, आणि मोजून घ्या. वॉर्डात दहा रिंगा असतील तर भिंतीवर दहा खिळे ठोका. रिकामा खिळा दिसला की रिंग कुठेतरी कामावर आहे हे कळतं, आणि ओव्हर घेताना पहिला प्रश्न तोच, "तीन खिळे रिकामे, कुठल्या कुठल्या बेडला?" कमी वापरा. प्रत्येक पलंगाला लाल फडकं बांधलंत तर आठवड्यात ते पडद्यासारखं दिसायला लागेल.

आणि कॉलर काढायची कुणी? ज्याने लाईन मोकळी झालेली डोळ्यांनी पाहिली, त्याने. आड येते म्हणून नाही, जुनी असेल म्हणून नाही, "काल कुणीतरी लावली होती वाटतं" म्हणून तर मुळीच नाही.

सही करायला आलेला माणूस

त्या लोकलचा फायरमन होता जॉर्ज हचिन्सन. गाडी मेन लाईनवर थांबून राहिली की गाडीवरच्या माणसाने केबिनमध्ये जाऊन आठवण करून द्यायची, रजिस्टरमध्ये सही करायची आणि लिव्हरवर कॉलर लागलीय हे बघायचं, असा नियम होता. हचिन्सन गेला. सही केली. कॉलर बघितली नाही, परत इंजिनावर आला. त्याच्यावरही खटला झाला, तो सुटला.

मला त्या तिघांत याच माणसाचं जास्त वाटतं, कारण आपण बहुतेक वेळा तोच असतो. राउंडला आलेला, तपासणीचा, काउंटरसाइनचा. तुमच्या कामात अशी दुसरी सही असेल तर तिच्यासमोर नुसता टिकमार्क ठेवू नका. काय बघितलं ते एका शब्दात लिहायला लावा. "तांब्या रिकामा." "झाकण बंद." बघितल्याशिवाय लिहिता येत नाही असं काहीतरी.

बाकीची माणसं

चार्ज चालू असताना तिसरा माणूस खोलीत नको. तेव्हा लढाईच्या गप्पा होत्या, आता मोबाइल आहे. मी खिडकीला पाटी लावली होती, 'चार्ज चालू आहे, चहासुद्धा बाहेर'. हो, पुणेरी पाटीच. पण दाराला आतून कडीही होती.

एक गोष्ट खरी की आता रेल्वेत बऱ्याच ठिकाणी रुळांतूनच अगदी कमी दाबाची वीज सोडलेली असते. डब्याची चाकं दोन्ही रुळांना जोडतात, ती वीज तिथेच वळते, आणि सिग्नल आपोआप लाल राहतो. त्याला ट्रॅक सर्किट म्हणतात. क्विंटिन्सहिलला ते असतं तर लिव्हर हललाच नसता. वॉर्डात, वर्कशॉपमध्ये, सोसायटीत असं काही नसतं. तिथे रिंगच.

भाचीच्या वॉर्डात दोन महिन्यांपासून रिंगा आहेत. वॉर्डबॉयनाही तिथे मामाच म्हणतात, त्यामुळे 'मामांची रिंग' म्हणजे नेमकी कुणाची, याबद्दल गोंधळ आहे. परवा तिचा मेसेज आला, एक रिंग सापडत नाही. मी लिहिलं, नवीन आणू नकोस, आधी सगळे पलंग बघ. ती एका पलंगाच्या फळीवरच होती. पेशंट सकाळीच जेवून घरी गेला होता.

आमच्या सोसायटीत पाण्याच्या पंपाच्या स्विचवर मी असंच झाकण केलंय. खालची टाकी धुवायला कुणी आत उतरलं की ते लावायचं. काल नवा वॉचमन आला. संध्याकाळी बेल वाजवून विचारतो, "काका, ते लाल झाकण काढून पंप लावू का?"

"टाकीत बघितलंस?"

"सकाळीच झालं ना धुऊन."

"बघितलंस का?"

तो टॉर्च शोधायला खाली गेला.